काही सापडण्याआधी देवराया राखा

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

श्रीलंकेतल्या सिंहराजा नावाच्या रानात मी वीतभर उंचीचं एक घुबड पाहिलं आणि तेव्हापासून आमच्या गावची देवराई डोक्यातून जात नाही.

वाटाड्या आम्हाला थांबवून एकटाच जाळीत शिरला. तासाभराने त्याने खूण केली. पायांना जळवा लागलेल्या, तसेच ओणवे होऊन आत गेलो. कमरेइतक्या उंचीवर, वाळक्या पानांच्या गुंत्यात तांबूस पिसांचा गोळा डोळे मिटून बसला होता. चार पावलांवरूनही मला तो आधी पानच वाटला. सेरेंदिब घुबड. जगात फक्त श्रीलंकेत, तिथेही नैर्ऋत्येकडच्या ओल्या रानांत.

१९९५ साली पक्षीतज्ज्ञ दीपल वरकागोडा यांनी रात्री त्याचा अनोळखी आवाज ऐकला. पक्षी दिसायला २००१ उजाडलं. २००४ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, ते थिलो हॉफमन यांच्यावरून. सत्तरच्या दशकात याच सिंहराजातली प्लायवूडसाठीची तोड थांबावी म्हणून ते झटले होते. तेव्हा आत असं घुबड आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब, आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडात जगाला नवा असलेला मासा मिळाला आणि शासनाने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. त्याबद्दल मनापासून आभार. पण ज्या रायांत अजून कुणी बॅटरी घेऊन एक रात्रही काढलेली नाही, त्यांचं काय?

आमच्या राईतली पडलेली काटकीही घरी आणायची नाही, अशी आजीची ताकीद होती. देवळाच्या जीर्णोद्धारात तिथले तीन बेहडे आणि एक सातवीण गेली. ज्या गारंबीच्या वेलीवर आम्ही झोके घेतले, तीही त्यांच्याबरोबर खाली आली. गावकऱ्यांना मी दोष देत नाही, गळकं देऊळ सगळ्यांनाच सलत होतं. पण झाडं राखून काम कसं करायचं, हे सांगायला कुणी आलं नाही.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य वारसा स्थळं जाहीर करू शकतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या देवरायांसाठी ते कलम वापरा. गुरव, मानकरी, ग्रामसभा यांना बरोबर घ्या, कारण राया आजवर त्यांनीच राखल्या. आणि देवळांना निधी देताना राईतलं झाड न तोडण्याची अट घाला.

आमची राई आता जेमतेम दोन एकर उरली आहे. पावसाआधी माणूस पाठवा, दाखवायला मी येईन.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक ग्रामस्थ