सुध्याला, नॅचेझहून

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून एक ओळ नाही, शिव्या घालून मोकळा हो. तब्येत ठीक, गोळ्या चालू. आज लिहितोय कारण लाँगवुड पाहून आलो आणि भांडायला तूच हवास. हिला गाडीत ऐकवायला घेतलं, तर ती झोपली.

अरे, काय घर आहे! अष्टकोनी, डोक्यावर कांद्याच्या घाटाचा घुमट, आणि तोही मिसिसिपीत. हॅलर नट नावाच्या कापूसमळेवाल्यानं फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोनकडून आराखडा करून १८६० मध्ये बांधायला काढलं. बेत ३२ खोल्यांचा. मधोमध तळापासून घुमटापर्यंत आरपार पोकळी, आरसे लावून उजेड खाली आणायचा. सेक्शन (घराच्या उभ्या छेदाचं चित्र) बघ, तूसुद्धा पाच मिनिटं गप्प बसशील (सरांना कळव).

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं, उत्तरेकडचे कारागीर हत्यारं टाकून घरी गेले. १८६४ मध्ये नट न्यूमोनियानं गेला. बायको ज्युलिया पोरांना घेऊन खालच्या नऊ खोल्यांत राहिली. वर अजून उघड्या विटा, सांध्यांतून ओघळून सुकलेला चुना, रंगाचे डबे, पेट्या. फोटोसाठी सगळ्यांचे फोन त्या पेट्यांवर रोखलेले. माझाही.

आणि तिथंच तू आठवलास. वाईच्या टूरला घाटावर 'हे दगड वाहिले कुणी?' करत बसलास आणि बस चुकवलीस, तो तू. लाँगवुडच्या विटा तिथंच, गुलामांनी पाडलेल्या. गेले ते पगारी होते, त्यांना जाता आलं. मग खालच्या नऊ खोल्या पुऱ्या केल्या कुणी? स्थानिक कारागिरांनी आणि नटच्या गुलामांनी. म्हणजे हळहळ सगळी सोडून गेलेल्यांच्या हत्यारांवर, आणि राहण्याजोगं जे झालं ते ज्यांना जायची मुभाच नव्हती त्यांच्या हातचं! जिंकलास असं समजू नकोस. पोकळीतून गरम हवा वर खेचायची ती युक्ती मला अजून आवडते, आवडतच राहणार. पण तिथं काढलेलं स्केच ऑफिसात लावायचं म्हणून फ्रेमसुद्धा आणली, आणि आता हात धजत नाही. विटा कुणाच्या ते खाली लिहून लावू? की तू म्हणशील, लिहिल्यानं काय होतंय? गेला आठवडाभर फ्रेम भिंतीला टेकून उभी आहे, हिच्या पायात येते.

वहिनींची बदली झाली का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? गच्ची गळायची थांबली का?

फोन करू नकोस, लिही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
बाळ्या