तिरंदाजीच्या शिबिरांत रॉबिन हूडचे खेळही हवेत

महोदय,

सुट्टी लागली की तिरंदाजीच्या शिबिरांना मुलांची झुंबड उडते आणि दुसऱ्या आठवड्यात निम्मी गळतात. रोज तेच अंतर, तोच रंगीत कागद, कंटाळा येणारच. रॉबिन हूडच्या गोष्टींतल्या दोन फेऱ्या प्रशिक्षकांनी जरूर घ्याव्यात.

पहिली काठीची. पाच सेंटिमीटर रुंद, माणसाएवढी उभी पट्टी. बाण लागला तर एक गुण, नाही तर शून्य. सागवान किंवा बांबू नको. टणक लाकडावरून बाण उसळतो, रुतलाच तर उपटताना शाफ्ट (बाणाची दांडी) मोडतो. फोमच्या बटवर (बाण रुतण्यासाठी उभारलेल्या जाड फलकावर) पांढऱ्या मास्किंग टेपची पट्टी पुरते. नवशिक्यांना पंधरा मीटर अंतर आणि सहा बाण ठीक. इथे उंचीची चूक माफ असल्याने डावी-उजवी चूक उघडी पडते. सगळे बाण एकाच बाजूला जात असतील तर आधी पकड पाहावी. मूठ आवळली की दोरी सुटताना धनुष्य वळते. पकड सैल करूनही फरक पडला नाही, तर बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ताकदीशी जुळतो का ते तपासावे.

दुसरी माळेची. जुन्या इंग्रजी पोवाड्यात राजा मठाधिपतीच्या वेशात रानात येतो, तेव्हा गुलाबांच्या माळेवर नेम लागतात. चुकेल त्याचा बाण जप्त, वर एक तडाखा. खुद्द रॉबिनही तीन बोटांनी चुकतो आणि राजाच्या हातचा मार खातो! आपण वीतभर व्यासाची झेंडूची माळ सुतळीत ओवून बटवर बांधावी. लोखंडी तार वापरू नये, बाण तिच्यावरून कुठेही उडतो. माळेबाहेर गेलेला बाण पुढच्या फेरीला बाजूला ठेवावा, तडाखा अर्थातच वगळावा.

बाणावर बाण फोडण्याची पैज मात्र लावूच नये. कार्बनच्या बाणाला टक्करीनंतर गेलेला तडा अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. तो बाण सोडताना फुटला तर तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून टक्कर झाली की शाफ्ट कानाजवळ धरून हलकेच वाकवावा, पिळावा. करकर ऐकू आली की तो बाण बाद. बटवर तीन छोटे कागद लावून प्रत्येकावर एकेकच बाण मारायला सांगितले, तर अशी टक्कर सहसा होत नाही.

— काही तिरंदाजी प्रशिक्षक, पुणे