चौलचा वेढा आणि फोटोखालची ओळ

प्रति,
संपादक, रविवार पुरवणी

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी चौलच्या वेढ्यावरचा, म्हणजे १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला घातलेल्या वेढ्यावरचा, लेख वाचला. आमच्या भागावर कुणी पानभर लिहिले याचा आनंद आधी नोंदवतो; एरवी चौल-रेवदंड्याचे नाव छापून येते ते सुट्टीतल्या गर्दीपुरते. पण लेखाचा ‘क्रूस विरुद्ध चंद्रकोर’ हा मथळा आणि रेवदंड्याच्या तटाच्या फोटोखालची ‘१५७१ च्या वेढ्यात अभेद्य ठरलेली तटबंदी’ ही ओळ, दोन्ही पटल्या नाहीत.

आधी फोटोबद्दल. माडांच्या वाड्यांना कवेत घेणारा हा तट वेढ्याच्या वेळी नव्हताच. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी बांधलेला एक लहानसा कोट तेवढा होता आणि त्याच्याबाहेर उघडीवाघडी व्यापारी वस्ती. मुर्तजा निजामशहाची फौज १५७० च्या अखेरीस येऊन थडकली तेव्हा खंदक खणणे, रस्त्यांची तोंडे बुजवणे, पक्क्या घरांचेच बुरूज करणे अशी घाई उडाली. फ्रान्सिस्कन मठालाही मोर्च्याचे रूप आले. आज ज्याला आपण सातखणी म्हणतो तो मनोरा याच मठाच्या चर्चचा. चौल सोडून द्यावे, गोवा आधी सांभाळावा, असा सल्ला पोर्तुगीज व्हाइसरॉय लुईस द अताईदला त्याच्याच माणसांनी दिला होता, कारण त्याच वेळी विजापूरचा अली आदिलशहा गोव्यापुढे उभा होता. अताईदने तो सल्ला मानला नाही आणि फ्रान्सिस्को मास्कारेन्यसला कुमक घेऊन चौलला पाठवले. पुढचे सहा-सात महिने लढाई झाली ती घराघरासाठी, सुरुंग लावून, भिंती पाडून. म्हणजे फोटोतला तट वेढ्यात टिकला नाही. वेढ्याने धडा शिकवला म्हणून तो पुढे उभा राहिला. कार्यकारण अगदी उलटे आहे.

आता मथळा. त्याच महिन्यांत सायप्रसमध्ये उस्मानी तुर्कांनी व्हेनिसच्या फामागुस्ताला वेढा घातला होता, ऑक्टोबर १५७१ मध्ये ख्रिस्ती आणि तुर्क आरमारांत लेपांतोची लढाई झाली, म्हणून चौललाही त्याच माळेत ओवण्याचा मोह लेखकाला झाला असावा. इकडचा पट पाहा मात्र. निजामशहा आणि आदिलशहा यांच्याबरोबर पोर्तुगीजांविरुद्धच्या कटात सामील झालेला तिसरा राजा कालिकतचा सामुतिरी, म्हणजे हिंदू. त्याने चालियमचा पोर्तुगीज किल्ला १५७१ मध्येच घेतला. तिघांचे दुखणे एकच होते: आपल्याच समुद्रात गलबत हाकायचे तर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, विकत घ्यायचा. १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाल्यावर सुलतानांना समुद्राकडे बघायला सवड मिळाली, इतकेच. आणि ज्या निजामशाहीला आपण ‘चंद्रकोर’ म्हणून मोकळे होतो, तिच्या मूळ पुरुषाचे घराणे पाथरीचे ब्राह्मण होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही सांगतात!

वेढा का फसला, यावर लेखात ‘ख्रिस्ती वीरांची श्रद्धा’ एवढेच कारण आहे. पोर्तुगीज इतिहासकार तसेच लिहिणार. निजामशाही फौज ते लाखाच्या वर नेऊन ठेवतात; हा आकडा मी मिठाच्या खड्यासह घेतो. पण ज्याचे बालपण अहमदनगरच्या दरबारात गेले तो इतिहासकार फिरिश्ता काय म्हणतो? निजामशहाचे सरदार पोर्तुगीजांच्या नजराण्यांना, विशेषतः मद्याला, विकले गेले. दारूगोळ्याने जेवढे काम केले नसेल तेवढे नुसत्या दारूने केले म्हणायचे. त्यानेही कुणावर तरी खापर फोडले आहे हे खरेच, पण निदान ते दैवी चमत्कारावर तरी फोडलेले नाही.

मला विचाराल तर खरे कारण आमच्या बंदरावर उभे राहिले की दिसते. जमिनीकडून फौजेने कितीही आवळले तरी कुंडलिकेच्या मुखातून समुद्र मोकळाच होता. माणसे, बारूद, तांदूळ गलबतांतून येत राहिले. सामुतिरीचे आरमार एकदा खाडीत शिरले खरे, पण त्याला तिथे ठाण मांडता आले नाही. समुद्र बंद करता येत नसेल तर बंदराचा वेढा हा अर्धाच वेढा. त्यात जूनच्या अखेरीस शेवटचा मोठा हल्ला झाला. आमच्याकडे त्या दिवसांत भातखाचरांत गुडघाभर चिखल असतो. त्यात तोफांचे गाडे आणि हजारो जनावरे कशी हाकली असतील, देव जाणे. जुलै १५७१ मध्ये तह झाला.

निजामशाहीला ही चूक नंतर कळलेली दिसते. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारला तो थेट खाडीच्या तोंडावर, म्हणजे तोफेच्या माऱ्यात येणारे गलबत आत सुटू नये म्हणून. पोर्तुगीजांनाही ते लगेच उमगले आणि १५९४ मध्ये त्यांनी तो घेतला. दारात हत्ती कोसळल्यामुळे किल्ल्याचा दरवाजा लावता आला नाही, अशी हकीकत सांगतात. चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले ते १७४० च्या तहाने, वसई पडल्यानंतर. कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज-मराठीच्या मिसळणीतून तयार झालेली बोली बोलतात, तिला ते ‘नौ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. लेखात कोर्लईचा उल्लेखच नाही, याचे अधिक वाईट वाटले.

मथळा ही संपादकांची मर्जी. त्याबद्दल माझा आग्रह नाही. फोटोखालची ओळ मात्र पुढच्या अंकात दुरुस्त व्हावी. मुलांनी ती कात्रणे कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला सुरुवात केली आहे.

आपला,
एक वाचक
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड