सिनसिनाटीत पायी फिर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, इथे बघण्यासारखं काही नाही. सगळे सुट्टी मिळाली की शिकागो गाठतात." शिकागोला तूही जा, जरूर जा. पण मी सिनसिनाटीत, तुझ्याच विद्यापीठात शिकलो, पुढे कामानिमित्तही तिथे राहिलो, आणि ते गाव मला मनापासून आवडतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. फोनवर मी बोलायला लागलो की तुझी बस येते.

आधी एक गोष्ट समजून घे. १८५० च्या जनगणनेत सिनसिनाटी अमेरिकेतलं सहाव्या क्रमांकाचं शहर होतं. शिकागो तेव्हा बरंच मागे होतं. ओहायो नदीवर वाफेच्या बोटी चालत होत्या तोवर सगळा व्यापार या किनाऱ्यावर उतरायचा. मग रेल्वे आली, माल शिकागोकडे वळला आणि हे शहर मागे पडलं. ते मागे पडलं म्हणूनच तिथलं जुनं इतकं शिल्लक राहिलं, असं माझं मत आहे. पैसा धो धो येतो तिथे जुन्या इमारती टिकत नाहीत. तुला जे 'काही नाही' वाटतंय ते मोटारीतून दिसत नाही, इतकंच. तिथे पायी फिरावं लागतं.

पहिल्या शनिवारी फिंडली मार्केटला जा. विद्यापीठाच्या टेकडीवरून व्हाइन स्ट्रीटने खाली उतरलीस की ओव्हर-द-ऱ्हाइन लागतं, तिथेच हा बाजार आहे. १८५५ पासून तो भरतोय. लोखंडी खांबांवर उभी लांबलचक मंडई, दोन्ही बाजूंना भाजीवाले, खाटीक, पाववाले, चीजवाले. सकाळी लवकर जा, भूक ठेवून जा. खाटकांच्या दुकानात गेटा नावाचा पदार्थ दिसेल. डुकराचं आणि गाईचं मांस भरड ओटमध्ये शिजवून त्याची वडी थापतात, मग काप करून तव्यावर कुरकुरीत भाजतात. जर्मन कामकऱ्यांनी थोडं मांस जास्त तोंडांना पुरवायला काढलेली ही युक्ती. आपण खात नाही, पण ते काय आहे हे माहीत असू दे, कारण या शहराची सगळी गोष्ट त्या मांसापासून सुरू होते. इथे इतकी डुकरं कापली जायची की गावाला 'पोर्कोपोलिस' म्हणत. त्या चरबीपासून साबण आणि मेणबत्त्या व्हायच्या. मेणबत्त्या करणारा प्रॉक्टर आणि साबण करणारा गँबल हे दोघे साडू १८३७ मध्ये एकत्र आले, त्यातून ती जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली. आपल्या घरातली टाइडची पिशवी त्यांचीच. गावात जागोजागी पंखवाल्या डुकरांचे पुतळे दिसतील, त्यांचं मूळही हेच.

बाजारातून निघालीस की सेंट्रल पार्कवे ओलांडताना जरा थांब. तिथे पूर्वी कालवा होता. डाउनटाउनमधून पाहिलं तर पलीकडे, म्हणजे बाजाराच्या बाजूला, सगळी जर्मन वस्ती, म्हणून लोक कालव्याला ऱ्हाइन नदी म्हणायचे आणि पलीकडच्या भागाला 'ऱ्हाइनपलीकडे'. कालवा निकामी झाला तेव्हा त्याच्या पात्रात भुयारी रेल्वे करायचं ठरलं. १९१६ मध्ये लोकांनी ६० लाख डॉलरच्या कर्जाला मतदानाने मंजुरी दिली. मध्ये महायुद्ध आलं, भाव वाढले, आणि १९२० मध्ये सुरू झालेलं काम १९२७ पर्यंत पैशाअभावी थांबलं. जवळजवळ दोन मैलांचा बोगदा आणि आतली फलाटं आजही त्या रस्त्याखाली आहेत. एकही प्रवासी गाडी तिथून कधी धावली नाही. पुढे त्यातून पाण्याची मोठी नळवाहिनी नेली. एका स्थानकात अणुहल्ल्यापासून बचावाची जागाही केली होती. आत उतरायचा प्रयत्न करू नकोस, ते बंद आहे आणि धोक्याचंही आहे. पण आपल्या पायाखाली काय आहे हे माहीत असलं की त्या रस्त्यावरून चालायला वेगळंच वाटतं.

ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये उंच, अरुंद विटांची घरं बघ, खिडक्यांवरच्या कोरीव कमानी बघ. मी शिकत होतो तेव्हा आम्हाला सांगायचे, तिकडे फिरकू नका. आता तिथे महागडी कॉफी मिळते. वाचलेल्या इमारती पाहून मला आनंद होतो, पण तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या गरीब काळ्या कुटुंबांपैकी कितीतरी जणांना ते भाडं परवडेनासं झालं, हेही विसरू नकोस. सुंदर रस्त्यावरून चालताना इथून कोण गेलं हे विचारायची सवय ठेव. ट्राम फुकट आहे. ती बाजारापासून नदीपर्यंत नेते. दमलीस की तिच्यात बस.

पावसाचा एखादा दिवस युनियन टर्मिनलसाठी राखून ठेव. १९३३ मध्ये उघडलेलं रेल्वे स्टेशन, आता बहुतेक भागात संग्रहालयं. समोरून अर्धा घुमट, आत शिरलीस की पिवळ्या-नारिंगी पट्ट्यांचं छत आणि दोन्ही बाजूंना विनोल्ड राइस या जर्मन चित्रकाराने काचेच्या तुकड्यांनी केलेली प्रचंड भित्तिचित्रं. प्रवेशाजवळच्या कमानीच्या दोन टोकांना पिण्याच्या पाण्याच्या तोट्या आहेत. एका टोकाला तू भिंतीकडे तोंड करून हळू बोल, दुसऱ्या टोकाला मैत्रिणीला उभी कर. तिला स्वच्छ ऐकू येईल. मधून माणसं जात-येत असतात, त्यांना पत्ताही नसतो. रूकवुड या गावातल्याच कारखान्याच्या टाइल्स लावलेल्या आतल्या जुन्या चहाच्या खोलीतही डोकाव. मात्र स्टेशनाच्या समोरचा मोकळा भाग बघताना हेही लक्षात ठेव की तिथे केन्यन-बार नावाची दाट वस्ती होती. १९५० च्या दशकाच्या शेवटी महामार्गासाठी आणि कारखान्यांसाठी ती पाडली. सुमारे २५,००० माणसं उठवली गेली, बहुतेक सगळी काळी. या गावात जुनं टिकलं असं मी वर लिहिलं खरं, पण ते सगळ्यांचं टिकलं नाही.

आता चिली. तुझ्या मैत्रिणी 'थ्री-वे', 'फाइव्ह-वे' म्हणतात ते काय, असं तू विचारलं होतंस. स्पगेटीवर चिली, म्हणजे मसालेदार खिम्याचा रस्सा, त्यावर बारीक किसलेल्या चीजचा ढीग: हे थ्री-वे. कांदा किंवा राजमा घातला की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. टेक्सासची चिली वेगळी. ही मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ भावांनी १९२२ मध्ये सुरू केली, म्हणून तिच्यात दालचिनीसारखे मसाले आहेत. खिमा गाईचा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय मागवू नकोस. स्कायलाइन या साखळीतल्या चिलीच्या दुकानांत काळ्या घेवड्याची आणि भाताची शाकाहारी तऱ्हा मिळते, ती घे. काट्याभोवती स्पगेटी गुंडाळायची नाही, कडेने कापत खायची. तिथले लोक तसंच खातात. दुकानं मात्र साखळीतली नको असतील तर कॅम्प वॉशिंग्टन या भागातलं १९४० सालचं चिलीचं दुकान आहे. काउंटरवर बस, शाकाहारी काय आहे ते विचार, नाहीतर साधं ग्रिल्ड चीज सँडविच घे, आणि शेजारी कोण बसलंय ते बघ: ट्रक ड्रायव्हर, वकील, रात्रपाळी संपवून आलेली नर्स.

त्याच भागात अमेरिकन साइन म्युझियम आहे, आणि मला विचारशील तर गावातली सगळ्यात आनंदाची जागा ती. दुकानांच्या जुन्या पाट्या! सोनेरी वर्ख लावलेल्या काचेच्या, दिव्यांच्या, निऑनच्या, प्लास्टिकच्या. जुन्या मोटेलांच्या, पेट्रोल पंपांच्या, मॅकडॉनल्ड्सची जुनी 'स्पीडी' माणसाची पाटीसुद्धा. आत निऑनची कार्यशाळा आहे. कारागीर काचेची नळी ज्योतीवर धरून, फुंकत, वाकवत अक्षर घडवताना बघायला मिळतो. आपल्या लक्ष्मी रोडवरचे पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्समुळे कसे दिसेनासे झाले ते मी पाहिलंय, म्हणून त्या कार्यशाळेसमोरून माझा पाय निघत नाही.

आइस्क्रीम ग्रेटर्सचं खाशीलच, ब्लॅक रासबेरी चिप खा. पण एकदा ओकलीमधल्या अॅग्लमीसिसमध्येही जा. ग्रीक भावांनी १९०८ मध्ये सुरू केलेलं, संगमरवरी टेबलांचं जुन्या तऱ्हेचं दुकान.

घरची आठवण आली तर कुणाची तरी गाडी मिळवून फेअरफिल्डचं जंगल जिम्स गाठा. हे वाणसामानाचं दुकान इतकं अवाढव्य आहे की देशोदेशींच्या माल-मसाल्यांच्या गल्ल्याच आहेत, आपलीही आहे.

मर्कंटाइल लायब्ररी मात्र चुकवू नकोस. डाउनटाउनमध्ये वॉलनट स्ट्रीटवरच्या एका साध्या इमारतीत लिफ्टने अकराव्या मजल्यावर जायचं. १८३५ मध्ये तरुण व्यापारी-कारकुनांनी स्थापन केलेली ही लायब्ररी. १८४५ मध्ये ज्या कॉलेजात ती होती ते जळालं. लायब्ररीने इमारत पुन्हा बांधायला १०,००० डॉलर दिले आणि बदल्यात जागेचा १०,००० वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला. शांत, उंच खिडक्यांची जागा. तुझ्यासारख्या अभ्यास करणाऱ्या पोरीला हवी तशी.

नदीवरचा रोब्लिंग पूल संध्याकाळी चालत ओलांड. १८६६ च्या अखेरीस खुला झाला तेव्हा जगातला सगळ्यात लांब गाळ्याचा झुलता पूल होता. तो बांधणाऱ्या रोब्लिंग या अभियंत्यानेच पुढे न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा केला. गाड्या जातात तेव्हा लोखंडी जाळीचा रस्ता गुणगुणतो. पलीकडे केंटकी. गुलामगिरी असताना हीच नदी सीमा होती. तिकडे बेड्या, इकडे निदान कायद्याने सुटका, आणि तीही पकडून परत नेण्याच्या भीतीखाली. अलीकडच्या काठावर फ्रीडम सेंटर हे गुलामगिरीवरचं संग्रहालय आहे, त्यात केंटकीतून आणलेली, गुलामांना विक्रीआधी कोंडायची लाकडी कोठडी जशीच्या तशी उभी केली आहे. तिथे एकटी जा, घाई करू नकोस.

शेवटी माउंट ॲडम्स. टेकडीवर चर्च आहे, आणि गुड फ्रायडेला लोक खालपासून एकेका पायरीवर थांबून प्रार्थना म्हणत चढतात. मला तिथे जेजुरी आठवली. टेकडीला नाव मिळालं ते माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्समुळे. १८४३ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, वेधशाळेची कोनशिला बसवायला ते इतक्या लांब आले. ऑर्म्सबी मिचेल या प्राध्यापकाने गावातल्या लोकांकडून २५-२५ डॉलर जमवून म्युनिकहून दुर्बीण मागवली होती. पुढे धुराने आकाश दिसेना, म्हणून १८७३ मध्ये वेधशाळा माउंट लुकआउटला हलवली. ती १८४५ ची दुर्बीण आजही चालते आणि लोकांना तिच्यातून बघू देतात. १८६९ मध्ये तिथले संचालक क्लीव्हलँड ॲबी यांनी याच वेधशाळेतून रोजचे हवामान अंदाज प्रसिद्ध करायला सुरुवात केली. तू हवामानाचं शिकायला तिथे गेलीस आणि हे तुझ्या वसतिगृहापासून काही मैलांवर आहे.

वेधशाळेत आधी नाव नोंदवावं लागतं. आकाश निरभ्र असेल अशी रात्र निवड, जाड कोट घाल, येताना एकटी येऊ नकोस. शनी दिसला तर फोन कर, कितीही वाजले असोत.

आई म्हणते, लाडवांचा डबा संपला असेल तर कळव.

तुझा,
बाबा