‘फादर आहात का?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की आपल्याकडच्या बातम्यांत प्रॉटेस्टंट मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पाळकांना सर्रास ‘फादर’ म्हटले जाते, कुठे ‘चर्चचे पुजारी’ही. इतकी वर्षे मी ते वाचून सोडून देत होतो. गेल्या महिन्यात मात्र याच शब्दाने मला एका आजाऱ्याच्या दारातून परत फिरवले.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे झारखंडचे एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. ते गोस्नर लुथरन मंडळीचे. १८४५ साली जर्मन मिशनरी रांचीला पोहोचले, तेव्हापासूनची ती मंडळी. इथे ते रविवारी आमच्याबरोबरच उपासनेला येतात. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, शहरातल्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवले. रात्री नर्सबाईंच्या फोनवरून निरोप आला, “काका, बायबल घेऊन या.” मी गेलो. दारावरच्या माणसाने वही पुढे ओढली आणि विचारले, “फादर आहात का? या वेळेला फक्त धर्मगुरूंना सोडतो.” मी निवृत्त शिक्षक, खोटे कसे सांगू? आमचे पाळकसाहेब मिरजेला गेले होते, ते सकाळी आले. तोवर मी जिन्यात बसून होतो आणि आत तो माणूस एकटा होता.

त्या माणसाच्या पंथाचेच याबाबत म्हणणे काय आहे? ज्याच्या नावाने हा पंथ ओळखला जातो त्या मार्टिन ल्यूथरने १५२० सालीच लिहून ठेवले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक, म्हणजे धर्मगुरूच, आहे. पाळकाचा आणि चांभाराचा दर्जा एकच, फरक फक्त कामाचा. आजाऱ्याजवळ बसणे, वचन वाचणे, प्रार्थना करणे, धीर देणे यासाठी लुथरन माणसाला पाळकपदाची दीक्षा लागत नाही. १५३७ साली ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याने संत ऑगस्टिनच्या नावाने चालत आलेली एक गोष्ट सांगितली आहे. जहाजावर दोघे ख्रिस्ती संकटात सापडले. एकाने दुसऱ्याला बाप्तिस्मा दिला, आणि ज्याला बाप्तिस्मा मिळाला त्याने लगेच पहिल्याला पापक्षमा जाहीर केली. दोघांपैकी कुणीही दीक्षित नव्हता. अडचणीच्या वेळी साधा माणूसही दुसऱ्याचा पाळक होतो, असे मेलांख्थॉन तिथे स्पष्ट म्हणतो.

म्हणून दीक्षा कमी मोलाची ठरत नाही. १५३० चा आउग्सबुर्ग कबुलीजबाब म्हणजे लुथरन लोकांच्या श्रद्धेचे जाहीर निवेदन; त्याचे चौदावे कलम सांगते की रीतसर बोलावणे असल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीर उपदेश करू नये आणि संस्कार देऊ नयेत. दीक्षेच्या वेळी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, ती त्या बोलावण्याची साक्ष असते. सकाळी पाळकसाहेबांनी भाकर आणि द्राक्षारस दिला, आजाऱ्याचा पापांगीकार ऐकला आणि तो कायम पोटात ठेवायची जबाबदारी घेतली. ते काम माझे नव्हतेच. मंडळीने बोलावलेले नसताना नावाआधी स्वतःच ‘रेव्हरंड’ लावणारे हल्ली दिसतात, ते मला मुळीच पटत नाही.

‘रेव्हरंड’ म्हणजे आदरणीय, तो नुसता मान आहे. ‘पास्टर’ हा लॅटिन शब्द, अर्थ मेंढपाळ, म्हणजे आपला ‘पाळक’च. वाइल्डर मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या परंपरेतले आम्ही लोकही ‘पाळक’च म्हणतो. ‘फादर’ हे कॅथलिक बांधवांचे संबोधन, त्यांच्या बातमीत ते शोभते. आपल्या वार्ताहरांनी एवढा फरक पाळावा, कारण दारावरचा माणूस शब्द शिकतो तो पेपरातूनच.

आणि दवाखान्यांना विनंती. त्या वहीत ‘धर्मगुरू’ असा एकच रकाना होता. त्याच्याशेजारी आणखी एक आखा: ‘रुग्णाने कुणाला बोलावले आहे?’

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर