ट्रिगर हलका नव्हे, स्वच्छ करून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "ते राहू दे, जेवायला कधी येतोस?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. इथे पेनसिल्व्हेनियात आपली बरीच मराठी मंडळी आता नेमबाजीच्या रेंजवर यायला लागली आहेत, काहींनी हरणाच्या शिकारीचं लायसन्सही काढलंय. त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

माझी मार्लिन ३३६ रायफल तुम्हाला ठाऊकच आहे. १९४८ साली निघालेलं हे मॉडेल, थर्टी-थर्टी काडतुसाचं, लिव्हर ओढून भरायचं. माझ्याकडे आली ती जुनी, कितीतरी हातांतून फिरलेली. रायफल मुळात उत्तम, पण आधीच्या कुणीतरी आत हात घातलेला. ट्रिगर पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा अडत-अडत यायचा आणि नेमका कधी सुटेल याचा भरवसा नाही. तो ओढायला लागणारा जोर तुमच्या काट्यावर मोजला तेव्हा साडेसहा पौंड भरला. अख्ख्या रायफलचं वजन सात पौंडांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिच्या वजनाइतकाच जोर एका बोटाने लावायचा आणि नेम मात्र हलू द्यायचा नाही!

मी तुमच्याकडे आलो ते "दोन पौंडांवर आणून द्या" म्हणत. तुम्ही आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायला लावलीत, चेंबर (नळीच्या मागचा काडतूस बसायचा कप्पा) आणि मॅगझिन (काडतुसं साठवायची नळी) रिकामं असल्याचं स्वतः बोट घालून पाहिलंत, मलाही पाहायला लावलंत. मग म्हणालात, "हलका कशाला पाहिजे? स्वच्छ माग की, न अडखळता एकदम सुटणारा. डिसेंबरात हातमोजे घालून बोटं बधिर झाल्यावर दोन पौंडांचा ट्रिगर काय करेल, याचा विचार कर." या एका वाक्यासाठी मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

हॅमर, म्हणजे गोळी सुटण्यासाठी ठोका देणारा घोडा, बाहेर काढल्यावर तुम्ही त्याच्या खाचेला काळ्या मार्करने रंग दिलात, पुन्हा जोडलंत, तो हाताने आवरत चार-पाच वेळा चढवून-उतरवून परत काढलात आणि भिंग माझ्या हातात दिलंत. सिअर, म्हणजे चढवलेला हॅमर अडवून धरणारा तुकडा, जिथे टेकते तिथला काळा रंग घासून जायला हवा होता, तोही खाचेच्या पूर्ण रुंदीवर. घासला गेला होता फक्त डावा कोपरा. कुणीतरी पूर्वी खाच कानशीने तिरपी करून ठेवली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये उमर घालवलेल्या माणसाला ते भिंगाशिवायही दिसलं असणार. भिंग माझ्यासाठी होतं.

ऑइलस्टोन तुमच्या हाताशीच होता. दुसऱ्या कुणी तिथेच घासायला घेतलं असतं. तुम्ही नाही घेतलंत. खाचेवरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की खालचं मऊ लोखंड लवकर झिजतं, आणि ट्रिगर आज गोड लागला तरी एक दिवस हॅमर आपसूक सुटतो, हे तुम्ही समजावलंत आणि नवा हॅमर नि नवी सिअर मागवायला लावलीत. दगड फिरला तो फक्त बाजूंना, जिथे हॅमर रिसीव्हरला (हे सगळे भाग बसतात त्या धातूच्या सांगाड्याला) घासत होता तिथे, आणि तोही कोन कुठेही न बदलता. कित्येक वर्षांचं सुकून डिंक झालेलं ग्रीस तुम्ही ब्रशने खरवडून काढलंत. माझ्या मते अर्धा फरक त्या सफाईनेच पडला. स्प्रिंग किंचितच हलकी घातलीत, कारण फार हलकी घातली तर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर) ठोका कमी बसून काडतूस फुसकं जातं.

या रायफलमध्ये ट्रिगर आणि सिअर वेगवेगळे असतात, त्यामुळे ट्रिगर थोडा लुळा हलतो. ती बनावटच तशी आहे म्हणून तुम्ही त्याला हात लावला नाहीत. दुरुस्त काय करायचं नाही हे इतकं स्पष्ट माहीत असलेला माणूस मला क्वचितच भेटलाय.

आणि मग तपासणी! जोडून झाल्यावर मला वाटलं, झालं. तुमचं खरं काम तिथून सुरू झालं. रायफल रिकामी आहे हे पुन्हा पाहून हॅमर पूर्ण चढवलात आणि मागून अंगठ्याने जोर लावलात: सुटला नाही. हॅमर अर्ध्यावर रोखून धरणाऱ्या खाचेत ठेवून ट्रिगर ओढलात: धरून राहिला. लिव्हर जोरात आपटून मिटवलीत, रबरी हातोडीने दस्त्यावर टोले दिलेत. लिव्हर जराशी उघडी ठेवून ट्रिगर दाबून पाहिलात, कारण ती पूर्ण मिटल्याशिवाय ट्रिगर मोकळा होताच कामा नये. हे सगळं दोनदा. शेवटी काटा लावला तर चार पौंड, आणि मधे कुठेही अडखळ नाही.

शंभर यार्डांवर, साध्या उघड्या साइट्सने, माझ्या गोळ्या पूर्वी पाच इंचांत पसरायच्या. आता तीन इंचांच्या आत बसतात. नेमबाज तोच, काडतुसंही तीच.

पैसे तुम्ही घेतले नाहीतच. सुट्या भागांची किंमत तेवढी मी दिली. माझी मुलगी यंदा शिकारी सुरक्षेचा कोर्स करतेय. तो तिरपा कापलेला जुना हॅमर तुमच्या डब्यात असेल तर टाकू नका. भिंग आणि मार्कर घेऊन तिलाही तसंच बसवून दाखवाल का? काकूंना नमस्कार सांगा. पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो, आणि या वेळी जेवूनच जाऊ.

तुमचा,
शेजारच्या गावातला पुतण्या