उद्यमनगरातल्या वस्तादांना, त्या चादरीबद्दल

वस्ताद,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा धाकटा तुम्हाला वाचून दाखवेल. तो मधली वाक्यं गाळतो, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा, सगळं वाच म्हणून. तुमचं नाव यात कुठेच घातलेलं नाही. ‘ताई, नाव नगा घालू, हाय तेवढं काम उरकंना झालंय’ असं तुम्हीच बजावलंत. पण आभार चारचौघांत मानायचा हट्ट माझाही आहे. कारण तुमच्याकडे येण्याआधी आम्हाला जे ऐकावं लागलं, तेही चारचौघांतच ऐकावं लागलं होतं.

गेल्या गळिताच्या हंगामात सांगलीत आमच्या दारासमोर उभ्या असलेल्या फियाटवर उसाची ट्रॉली मागं आली. बॉनेट मधोमध दुमडलं, जाळी आत गेली, डावा हेडलाइट रिंगसकट मडगार्डात रुतला आणि रेडिएटर पंख्याला टेकला. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, डोक्याला हात लावला आणि म्हणाला, ‘बरं झालं, जुनी गाडी हुती.’

हेच वाक्य पुढं वेगवेगळ्या कपड्यांतल्या माणसांकडून ऐकलं. पहिलं गॅरेज एसीवालं. बसायला सोफा, हातात कॉफी, समोर टॅबलेट घेतलेला तरुण. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकूनसुद्धा बघितलं नाही, आणि सांगितलं, ‘मॅडम, चासी वाकलीय. भंगारात द्या, एक्स्चेंजमध्ये काहीतरी बघू.’ दुसरे एक गृहस्थ जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध. त्यांनी आधी अर्धा तास मला फियाटचा इतिहास शिकवला. मग म्हणाले, दुरुस्ती परवडणार नाही, पण मी तुमच्यावरचं ओझं कमी करतो, अशीच घेतो. आकडा ऐकून मनात आलं, एवढ्यात तर तांब्याचा बंबही येत नाही. तिसऱ्याने मात्र काम केलं. म्हणजे खड्डा न उठवता त्यावर भाकरीएवढ्या जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, थापली, वरून रंग मारला आणि पैसे मोजून घेतले. घरापर्यंत येईतो मडगार्डाला भेग पडली होती. विम्याच्या साहेबांबद्दल लिहीत नाही. त्यांनी घसारा इतक्या तन्मयतेने वजा केला की उरलं काय ते विचारायची सोय राहिली नाही.

मग कुणीतरी म्हणालं, कोल्हापूरला उद्यमनगरात जा. ऑइल इंजिनं आणि ओतकाम करून मोठं झालेलं गाव आहे ते, लोखंडाला घाबरत नाहीत तिथली माणसं.

तुम्ही गाडी टोइंगवरून उतरवून घेतलीत आणि लगेच काही बोलला नाहीत. चहा सांगितलात. स्टूल ओढून गाडीच्या तोंडासमोर बसलात आणि फडकं हातावर गुंडाळून पत्र्यावरून तळवा फिरवत राहिलात. डोळे दुसरीकडेच. मी न राहवून विचारलं, ‘चासी वाकलीय ना?’ तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. ‘हिला येगळी चासी हायच कुठं ताई? हिचं अंगच हिची चासी.’

घरात पन्नासहून अधिक वर्षं असलेल्या गाडीबद्दल मला हे ठाऊक नव्हतं, यात नवल नाही. पण सोफ्यावर बसवणाऱ्या माणसालाही ते ठाऊक नव्हतं! वेगळ्या चौकटीवर बॉडी ठेवलेली गाडी नव्हे ती. पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते, म्हणून पुढून बसलेला धक्का आत कुठवर गेलाय ते शोधावं लागतं. तुम्ही ते कसं शोधलंत, तेही मी उभी राहून पाहिलं. खालच्या बोल्टांच्या जागांवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने फुल्या मारल्या, गाडी बाजूला घेतली आणि फुल्यांमध्ये तिरकी टेप धरली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा बोटभर कमी. ‘एवढंच खाल्लंय,’ तुम्ही म्हणालात. ‘काढून घेऊ.’

पुढची दुरुस्ती मी इथे लिहीत बसत नाही; मला ती अर्धीच कळली. साखळी लावून ओढताना जी घडी शेवटी पडली ती आधी उघडायची, हे एक कळलं. पत्रा ताणून फुगलाय तिथे गॅसने लाल करून ओलं फडकं दाबायचं, की तो आवळून येतो, हे दुसरं. आणि एक कधीच विसरणार नाही. मुंबईहून कुणीतरी पद्मिनीची, म्हणजे याच फियाटच्या नंतर नाव बदललेल्या गाडीची, जाळी स्वस्तात देत होता. काळ्या-पिवळ्या टॅक्सीतल्या शेवटच्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मोडीत गेल्या, त्यांचं सामान फिरतंय म्हणे. पोरगा म्हणाला, बसवून टाकू. तुम्ही नाही म्हणालात. आमची गाडी १९७१ ची, डिलाइट. पद्मिनी हे नाव त्यानंतर तीन वर्षांनी आलं. ‘दुसरीचं तोंड हिला नगं,’ म्हणालात आणि मोडलेली तीच जाळी एकेक पट्टी सरळ करत बसलात.

पण हे पत्र जाळीसाठी नाही. चादरीसाठी आहे.

आईने गाडी बघायचीच म्हणून धोशा लावला होता. किती लागलंय ते आम्ही तिला नीट सांगितलं नव्हतं. तिने अपघात पाहिला नव्हता. ती तेव्हा मामाकडे होती आणि ती परतायच्या आत गाडी आम्ही हलवली होती. ‘बंपर थोडा चेपलाय’ एवढ्यावर भागवलेलं. आणि ती निघाली तेव्हा तुमच्याकडे गाडीचा पार सांगाडा झालेला, बॉनेट उतरवलेलं, रेडिएटर डाग द्यायला गेलेला, समोर नुसतं भगदाड. मी सकाळी तुम्हाला फोन करून इतकंच म्हटलं, ‘वस्ताद, आई येतेय, ऐकत नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘येऊ द्या की.’

आम्ही पोचलो तर गाडीचं तोंड आतल्या भिंतीकडे होतं. डावं पुढचं चाक फिरत नव्हतं, म्हणजे पोरांनी ती पुढून उचलून वळवली असणार. रस्त्याकडे डिकी, पुसून लख्ख. पुढच्या भागावर चादर. गॅरेजात मळकट ताडपत्र्या ढीगभर होत्या, पण ही घरची चादर होती, पांढऱ्यावर निळी फुलं, इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेल्या. नीट दोन्ही बाजूंनी सारखी सोडलेली.

तुम्ही मागचं दार उघडलंत आणि आईला विचारलंत, ‘सायेब कंच्या बाजूला बसवायचे तुमास्नी?’ आईने डावी बाजू दाखवली. ती बसली. तुम्ही दाराशी उकिडवे बसलात, हातातलं काम टाकून, आणि ती बोलत सुटली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर कुर्ल्याच्या कारखान्यातनं गाडी आली, ते. जोतिबाच्या चढाला पाणी उकळलं आणि आप्पांनी कळशी घेऊन विहीर शोधली, ते. स्टिअरिंगवरचा गिअर तिला कधी जमला नाही, ते. तुम्ही मधूनमधून ‘व्हय’ म्हणत होतात. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला हातानेच थांब म्हणालात.

निघताना तिने चादरीकडे बोट करून विचारलं, ‘हे झाकलंय का?’

‘रंगाचं काम हाय आई. धूळ बसती.’

रंगाला तेव्हा महिनाभर अवकाश होता. पोरांनी मान खाली घातली. मी बाहेर जाऊन रिक्षा शोधायचं नाटक केलं.

वस्ताद, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. बिलात ते नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. आप्पा गेल्यापासून आमच्याशी लोक चांगलं वागले, नाही असं नाही, पण बहुतेकांनी काय हवंय ते विचारलं आणि मग तेवढंच केलं. तुम्ही विचारलंही नाहीत. घरी जाऊन वहिनींकडून धुतलेली चादर मागून आणलीत. ती ग्रीसच्या गॅरेजात पसरायची म्हटल्यावर त्या काय म्हणाल्या असतील, हेही माझ्या मनात येतं. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

हे कसब शिकवता येत असेल का, मला शंका आहे. एसी गॅरेजातल्या त्या तरुणाला ग्राहकाशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण नक्की दिलं असेल. तो मला ‘मॅडम’ शिवाय एक शब्द बोलला नाही. पण भंगार हा शब्द त्याने चारचौघांत उच्चारला. तुम्ही मला ‘पैशे घिऊन या, मग बोलू’ असं दोनदा तोंडावर सुनावलंत, आणि वाईट वाटलं नाही. गोड बोलणं आणि माणूस जपणं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, एवढं या वर्षाने दाखवलं. तुमच्या कामातही तेच दिसतं. मडगार्डाच्या आतल्या अंगाला, जिथं चिखलाशिवाय कुणी बघणार नाही, तिथं तुम्ही गंज न धरणाऱ्या रेड ऑक्साइडचे दोन हात दिलेत. रंग जुळवायला पोराने दारावरचा घेतला, तर तुम्ही त्याला ग्लोव्ह बॉक्सच्या आतला घ्यायला लावलात, कारण तिथं ऊन पोचलेलं नाही. आता पुढचा भाग उरलेल्या गाडीपेक्षा थोडा उजळ दिसतो. माझा भाऊ म्हणाला, फरक कळतोय. कळू दे. १९७१ साली ती अशीच दिसायची, असं आई म्हणते, आणि या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा.

गाडी उत्तम चालते. डावा इंडिकेटर मात्र एकदा लागला की बंद व्हायला तयार नसतो, आणि थंडीत चोक ओढूनही दोनदा स्टार्टर मारावा लागतो. दिवाळीनंतर घेऊन येते. आई बरोबर येणार आहे. या खेपेला पुढच्या सीटवर बसून येईन म्हणते. चादर धुऊन ठेवली आहे, तीही आणते.

तुमची,
फियाटवाली ताई

ता. क. – परवा त्या एसी गॅरेजातून फोन आला. त्यांच्या कुणा मोठ्या गिऱ्हाइकाची जुनी फियाट पुढून ठोकली गेलीय, तुमची कुणी केली, असं विचारत होते. तुमचं नाव मी तिथंही सांगितलं नाही. उद्यमनगरात जाऊन वस्ताद कुठं ते विचारा, म्हटलं. आता दारात तो टॅबलेटवाला दिसला, तर चहा पाजा, पण ओळंबा धरायलाही लावा.